सव्वीस फोटो, एकच करेक्शन

पुढचं वाचायच्या आधी आमच्या नातेवाइकांमधली माझी ख्याती सांगून टाकते. कुणाच्या फोटोत 'पांढरी आकृती' आली, कुणाच्या साखरपुड्यात एखाद्या पाहुण्याला तिसरा हात फुटला, की तो फोटो सगळ्यात आधी माझ्या मोबाइलवर येतो. माझं उत्तर ठरलेलं. "शटर स्लो होतं, काका." "लेन्स पुसा, मामी." सोळा वर्षं झाली, बेळगावात माझा स्टुडिओ आहे, आणि एवढ्या वर्षांत मी अशी पंधरा-वीस भुतं सहज मारली आहेत. सासूबाई म्हणतात, हिच्यापुढे भूत आलं तर ही आधी त्याला मान जरा डावीकडे करायला सांगेल.

तर अशा बाईच्या बाबतीत हे घडलंय... आणि घाबरायचं काही कारण नाही. भीतीची ही गोष्टच नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर मिलिंद स्टुडिओत आला. तो इथल्या एका बँकेत अधिकारी आहे, घर निपाणीचं. म्हणाला, "जुनं घर पाडून नवीन बांधतोय, मॅडम. हॉलच्या भिंतीवर सव्वीस फोटो हाईत. भिंत पाडायच्या आत सगळ्यांच्या कॉप्या करून पाहिजेत."

"मग फ्रेमा घेऊन या की इकडं."

"तीच तर अडचण हाय. आक्का सोडत न्हाय. म्हणती, फोटो गावाबाहेर जायचे न्हाईत, ज्याला काढायचेत त्यानं हितं यायचं."

आक्का म्हणजे मिलिंदची आत्या. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्यापुढं कुणाचं चालत नाही हे मला मिलिंदच्या चेहऱ्यावरूनच कळलं. रविवारी ट्रायपॉड खांद्याला लावून सकाळच्या बसनं मी निपाणीला गेले.

भिंत बघून मला आधी हसूच आलं. सव्वीसच्या सव्वीस फ्रेमा एका मापाच्या, एकाच तपकिरी पट्टीच्या, आत फोटोभोवती सगळ्यांना तोच बदामी पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेली पट्टी. मिलिंदच्या वडिलांनी, म्हणजे आक्कांच्या धाकट्या भावानं, फार वर्षांपूर्वी त्या एकदम करून घेतल्या होत्या. आता ते नाहीत, पण त्यांनी फ्रेमवाल्याला बजावून सांगितलेलं वाक्य घरात अजून सगळ्यांना पाठ आहे — लहानमोठं काय दिसायला नको, समदे एकसारखे कर. फ्रेमवाला हुकमाचा पक्का. त्यानं एकच माप धरून सव्वीस माउंट कापले आणि फोटोंवर खळीनं पक्के चिकटवून टाकले. मी एका फ्रेमची पाठ उघडून बघितली आणि लगेच बंद केली. ओढायला गेलं तर माउंटबरोबर फोटोची सालच निघाली असती.

म्हणजे काचेवरूनच कॉपी करणं आलं. समोर मोठी खिडकी, त्यामुळं प्रत्येक काचेत खिडकी दिसणार. शेवटी एक खिळा असा सापडला की तिथं फ्रेम लावून कॅमेरा खाली, डाव्या बाजूला ठेवला तर काचेत काहीच येत नाही. फोटो तिरपा येतो, पण ते नंतर कॉम्प्युटरवर सरळ करता येतं. मी ट्रायपॉडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावली. मिलिंदनं एकेक फ्रेम त्याच खिळ्याला अडकवायची, मी क्लिक करायचं, पुढची फ्रेम. कॅमेरा हलला नाही, खिळा बदलला नाही. सगळे फोटो तेवढेच तिरपे, त्यामुळं एकाला जे करेक्शन लागेल तेच सगळ्यांना चालणार. आळशी माणसाला असली कामं फार आवडतात.

आक्का खुर्चीत बसून प्रत्येक फोटोची ओळख करून देत होत्या. कोण कुणाचा, कोण कुठं नोकरीला लागला, कुणी शाळेत पाटी फोडली. सतरावी फ्रेम आली तशा त्या पुढं वाकल्या.

"हा तंबाखूच्या वखारीतला. वखार बंद पडली तवा भावानं तिथल्या कपाटातनं आणला आणि सरळ फ्रेमवाल्याकडं दिला. हे पटकंवालं आप्पा, माझं वडील. हमालीला हुतं तिथं."

वखारीच्या दारासमोर पंधरा-वीस माणसं ओळीनं उभी होती. पाठीमागं पोत्यांची थप्पी.

"आणि आई?" मी सहज विचारलं.

मिलिंदनं माझ्याकडं बघितलं, पण तोवर विचारून झालं होतं.

"आईचा फोटोच न्हाय बघ, पोरी," आक्का म्हणाल्या. "ती पण त्याच वखारीत पानं निवडायला जायची. मी दीड वर्साची असताना गेली. दुसऱ्या आईनं मला काय कमी केलं न्हाय हां, तिचे चार फोटो हाईत भिंतीवर. पण जिनं जन्म दिला तिचं तोंड कसं हुतं, ते मला म्हाईत न्हाय. लोक म्हंत्यात मी तिच्यागत दिसतो. म्हणून आरशात बघतो. पण ऐंशी वर्साच्या म्हातारीकडं बघून बावीस वर्साची पोरगी कशी कळायची?"

(आमच्याकडच्या बायका 'मी दिसतो, मी बघतो' असंच बोलतात. मुख्याध्यापिकासुद्धा, शाळा सुटली की.)

त्या हसत म्हणाल्या. मी पुढची फ्रेम मागितली.

गुरुवारी दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा हे काम काढलं. पहिला फोटो उघडला. उभी रेघ, आडवी रेघ, थोडं फिरवणं, कडा कापणं... पाच मिनिटांत फ्रेम काटकोनात आली. ती सेटिंग्ज कॉपी केली, उरलेले पंचवीस फोटो सिलेक्ट केले आणि पेस्ट. छोटे छोटे चौकोन एकामागून एक सरळ होत गेले. मला ते बघायला नेहमीच मजा येते, कवायतीच्या मैदानात मास्तरांनी 'सावधान' म्हटल्यासारखं. वर दिलेल्या कारणासाठी एकेक फोटो मोठा करून तपासायच्या भानगडीत मी पडले नाही. कार्ड साइझ प्रूफं काढली, पाकिटात भरली, चहा प्यायला गेले. ही माझी चूक. करेक्शन सगळ्यांना सारखंच आहे म्हटल्यावर तपासायचं काय?

शनिवारी प्रूफं घेऊन पुन्हा निपाणी. मिलिंदच्या बायकोनं, वैशालीनं, शिरा केला होता. आक्का भिंग घेऊन बसल्या आणि एकेक प्रूफ बघून उजवीकडं ठेवत गेल्या. "झ्याक." "झ्याक." "ह्यो टकला कसा चमकतोय बघ." असं करत करत त्या एका प्रूफाशी थांबल्या.

"पोरी, हा कुठला?"

"वखारीतला की, आक्का."

"मग ही कोण?"

मी वाकून बघितलं. तोच फोटो. तेच दार, तीच पोती, पटक्यातले आप्पा. पण ओळीतल्या शेवटच्या माणसाच्या पलीकडं, उजव्या कडेला, एक बाई उभी होती. कडेवर लहान पोर. उन्हामुळं डावा हात कपाळावर आडवा धरलेला, त्याच्या सावलीत चेहरा नीट दिसत नव्हता. आणि उजवीकडचा माउंट... जिथं दोन बोटं रुंद पुठ्ठा असायला हवा होता, तिथं दोऱ्याएवढी पट्टी होती.

मला वाटलं, कुणा दुसऱ्याचं काहीतरी मिसळलं. मी मिलिंदला म्हटलं, "फ्रेम काढा ती." त्यानं काढली. फ्रेममध्ये माउंट चारी बाजूंनी रुंद. उजवीकडं तर शेवटच्या माणसाचा खांदाच पुठ्ठ्याला टेकलेला. त्याच्यापुढं फोटोच नव्हता. बाई नव्हती.

लॅपटॉप बॅगेतच होता. मूळ फाइल उघडली. माउंट रुंद, बाई नाही. करेक्शन केलेली उघडली. बाई नाही. मी करेक्शन काढून टाकलं, तीच सेटिंग्ज पुन्हा पेस्ट केली. पुन्हा काढलं, पुन्हा पेस्ट केली. नाही म्हणजे नाही. मग त्याच सेटिंग्जमधून, त्याच दिवशी, त्याच प्रिंटरवर निघालेल्या या कार्डावर ती आली कुठून?

आता तुमच्यातले तरुण वाचक म्हणतील, एआय. माझ्या नणंदेच्या मुलीनंही तेच म्हटलं. बाई गं, माझं सॉफ्टवेअर इतकं जुनं आहे की त्याला स्वतःचं नाव आठवत असेल तरी पुष्कळ. रिकाम्या कडा स्वतःच्या मनानं भरणं वगैरे त्यात नाही. करेक्शननंतर ज्या कडा रिकाम्या उरतात त्या मी कापून टाकते. वाकडं असेल ते सरळ होईल, पण पुठ्ठ्याच्या खाली डोकावून बघायचं बटण अजून कुणी काढलेलं नाही.

मी हे सगळं मिलिंदला तावातावानं समजावत होते. आक्का ऐकतच नव्हत्या. भिंग डोळ्याला तसंच लावून त्या म्हणाल्या, "उजव्या कडंवर घेतलंय लेकराला."

"मग?"

"अगं, बायका डाव्या कडंवर घेत्यात. उजवा हात कामाला मोकळा पाहिजे म्हणून. माझी आई डावखुरी हुती. मावशी सांगती न्हवं का, तानाक्का उलट्या कडंवर पोर घ्यायची म्हणून समद्या वखारीत हसायच्या तिला." त्यांनी भिंग खाली ठेवलं. तेही डाव्याच हातानं. "मिलिंदा, मावशीला फोन लाव."

मावशी म्हणजे आक्कांच्या आईची धाकटी बहीण. वय नव्वद, चिकोडीजवळच्या गावात असते. बहीण गेली तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती. मिलिंदनं व्हिडिओ कॉल लावला, पलीकडं तिच्या सुनेनं फोन धरला. मिलिंदनं प्रूफ कॅमेऱ्यापुढं आणलं. कुणी काही सांगितलं नाही, आक्कांनी डोळ्यांनीच सगळ्यांना गप्प केलं होतं.

"काय दिसंना गा. कागुद जवळ आण... लई जवळ नगं... हां." मग आवाज बंद. मला वाटलं नेटवर्क गेलं. तेवढ्यात त्या नव्वद वर्षांच्या गळ्यातून असा आवाज आला की वैशाली स्वयंपाकघरातून पळत आली. "तानाक्का! अगं बया, तानाक्का हाय की ही! कुठनं आली रं ही?" आणि लगेच, रागानं, "एवढी वर्सं कुठं ठिवला हुतासा तिला?"

आता हातात दोन गोष्टी होत्या. ती बाई दाखवणारं एक कार्ड आणि ती बाई न दाखवणारी एक फ्रेम. काय करायचं ते सगळ्यांनाच कळत होतं. आप्पांचा तरुणपणचा तेवढा एकच फोटो. खळ सुटली नाही तर साल निघणार, आणि माउंटखाली काही नसलं तर आक्कांना काय सांगायचं? त्यांना आई पाच मिनिटं दाखवून परत नेल्यासारखं झालं असतं. मला खरंच भीती वाटली, भुताची नव्हे, याची.

"आक्का, आप्पांचा फोटो खराब होऊ शकतो," मी म्हटलं.

"उघड गं," आक्का म्हणाल्या. "आप्पा काय म्हणायचे न्हाईत. त्यांचीच बायको हाय."

जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं. पाठ उघडली, खिळे काढले, काच बाजूला केली. मग कापसाचा ओला बोळा, पातळ पट्टी, आणि उजव्या कडेपासून सुरुवात. पुठ्ठा भिजवायचा, थांबायचं, केसभर उचलायचा, पुन्हा भिजवायचा. घरात एरवी सारखा बोलणारा मिलिंद पंखा बंद करून उभा होता. सव्वा तास लागला. माझी पाठ मोडली आणि शिऱ्याचा दगड झाला.

आधी जमीन दिसली. मग लुगड्याचा काठ. मग एक लहानसं पाऊल, लोंबकळणारं.

वैशाली म्हणाली, "अय्या!"

मी तिला गप्प राहायला सांगणार होते, पण माझ्याच तोंडून तेच आलं.

पुठ्ठ्याची शेवटची पट्टी सुटली आणि ती होती. कार्डावर होती तिथंच, तशीच. उजव्या कडेवर पोर, डावा हात कपाळावर. फोटो बाकीच्यांच्यापेक्षा रुंद होता, एवढंच. एकसारखं माप धरणाऱ्या फ्रेमवाल्यानं तिला दुष्टपणानं नव्हे, हुकमाप्रमाणं झाकलं होतं. पण कार्डावर सावलीत अस्पष्ट असलेला चेहरा इथं लख्ख होता, पुठ्ठ्याखाली ऊन न लागल्यामुळं तेवढा भाग कालच छापल्यासारखा ताजा, ठळक राहिला होता. बाकी सगळी माणसं कुणीतरी दरडावल्यासारखी ताठ उभी. ही एकटी हसत होती. कॅमेरावाल्याला काहीतरी बोललीच असणार.

आक्का उठल्या. सरळ मोरीत गेल्या, साबणानं हात धुतले, पदराला पुसले आणि मग येऊन टेबलाशी बसल्या. फोटोला हात मात्र लावला नाही. नुसत्या वाकून बघत होत्या. रडतील म्हणून वैशाली जवळ जाऊन उभी राहिली.

"मी किती रागीट हाय गं!" आक्का म्हणाल्या.

खरंच, कडेवरचं पोर कॅमेऱ्याकडं असं बघत होतं की जणू वर्गात कुणीतरी गृहपाठ विसरलाय. आम्ही सगळे हसायला लागलो. हसता हसता मिलिंदला रडू आलं, त्याला बघून मला. आक्का रडल्याच नाहीत. त्या गालात हसत एवढंच म्हणाल्या, "केवढुशी हाय बघा. आपल्या सायलीपेक्षा ल्हान हाय माझी आई." सायली म्हणजे त्यांची नात, पुण्यात इंजिनिअर आहे, अजून लग्नाचं नाव काढत नाही.

त्या संध्याकाळी बेळगावला परत येताना बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी दोनदा बघितलं.

माझा नवरा प्रकाश उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे. जॉब मापात नसेल तर तो सख्ख्या भावाचाही परत पाठवतो. त्यानं आल्या आल्या माझ्या चुकांची यादी मागितली, मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊन बसला. सव्वीसच्या सव्वीस प्रूफांचे माउंट मोजले. पंचवीस तंतोतंत सारखे, एक सोडून. मग त्या कार्डावर शेवटच्या माणसाच्या खांद्यापासून त्या बाईच्या कोपरापर्यंतचं अंतर मोजलं आणि उघडलेल्या फोटोची मी काढून आणलेली कॉपी होती तिच्यावरच्या अंतराशी प्रमाण लावलं. एक सूतसुद्धा फरक नाही. त्यानं प्रिंटर उघडला, शाई तपासली, लॅपटॉपवर तीच सेटिंग्ज चाळीस वेळा तरी पेस्ट केली. जुना फोटो आधी कुठंतरी छापला गेला असेल, असंही त्यानं काढलं. पण आक्कांच्या घरात, मावशीकडं, कुणाकडंच दुसरी प्रत नाही, आणि असती तर आक्कांनी ऐंशी वर्षं आरशात कशाला बघितलं असतं? शेवटी त्यानं ते कार्ड परत माझ्या हातात दिलं. ओकेही नाही, रिजेक्टही नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

तुम्हाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचेन. माझ्याकडं आजही उत्तर नाही. तेच करेक्शन पंचवीस फोटोंना लागलं तेव्हा ते सरळ झाले आणि त्या एकाला लागलं तेव्हा एक बाई बाजूला झाकलेली होती ती पुढं आली, यापलीकडं मला काही सांगता येत नाही. नातेवाइकांचे भुतांचे फोटो अजून येतात. मी अजूनही शटर स्लो होतं म्हणून सांगते, पण आता आधी फोटो मोठा करून नीट बघते.

पुढं मे महिन्यात निपाणीचं नवीन घर झालं. बुद्धवंदना आटोपली, पाहुणे जेवले. नव्या हॉलमध्ये फोटो लावले होते, या वेळी ज्याचं जेवढं माप तेवढीच फ्रेम. मधोमध वखारीतला फोटो, अख्खा. आणि शेजारी त्यातलीच तेवढी एक बाई आणि तिचं रागीट पोर, मोठं करून. मिलिंदनं रीतीप्रमाणं मोगऱ्याचा हार आणला होता. तो स्टुलावर चढला, हार फोटोकडं नेला, तोच खालून मुख्याध्यापिकांचा आवाज आला.

"काढ तो! हार कशाला रं? गेलेल्यांना घालत्यात हार. ही आत्ताच आलीया. आधी च्या टाका तिला."

मिलिंद हार हातात घेऊन तसाच स्टुलावर उभा. चिकोडीहून आलेल्या मावशीनं आपल्या बोळक्या तोंडानं हसायला सुरुवात केली आणि सगळं घर हसलं. वैशालीनं खरोखरच एक कप चहा जास्त टाकला आणि फोटोखालच्या टेबलावर नेऊन ठेवला. आक्का खुर्ची ओढून समोर बसल्या आणि आपल्या आईबरोबर चहा प्यायल्या.

तो दुसरा कप शेवटी गार झाल्यावर मलाच प्यावा लागला. साखर जरा जास्त होती.